पाच तारे आणि आक्काचा आवाज

४ जानेवारी

चि. टकळीस,

आज सकाळी दाढी करता करता एकदम शाळेचा व्हरांडा कानात आला. डोळ्यांपुढे नव्हे, कानात. कोणीतरी खिडकीच्या गजांवरून पट्टी फिरवत चाललंय, खर्रर्र, आणि तिच्यावर ताल धरल्यासारखा वरच्या वर्गातून एकच आवाज:

ढग तळ्यावर वाकुन आला,
पाणी पिऊन गेला रे;
तळ्यात त्याचे चित्र राहिले,
तेवढा ठेवा केला रे.

तो आवाज तुझ्या मोठ्या मावशीचा, म्हणजे आमच्या आक्काचा. मी खालच्या इयत्तेत भागाकारात अडकलेलो. मास्तरांनी विचारलं, "बाकी किती?" मी उठून म्हणालो, "ठेवा केला रे." छडी खाल्ली. अजूनही वाटतं, उत्तर तसं चुकलं नव्हतं.

कविता कुणाची, देव जाणे. पाठ्यपुस्तकातून ती कधीच गेली. आक्काच्या जिभेवर तेवढी राहिली, आणि तिच्यासारख्या कितीतरी.

आता बातमी. आक्काचा घसा बरेच दिवस बसलेला होता, ते तुला ठाऊक आहे. डॉक्टरांनी स्वरयंत्रावर गाठ सांगितली. गाठ साधी आहे, तू रडत बसू नकोस. पण काढायला हवी. फेब्रुवारीच्या शेवटी ऑपरेशन. "नंतर आवाज येईल," डॉक्टर म्हणाले, "पण हाच येईल असं मी सांगत नाही." आक्का म्हणाली, "दुसऱ्या कुणाचा आला तर परत घ्याल ना?" डॉक्टर हसले, आक्का हसली. मला काही हसू आलं नाही.

म्हणून ठरवलंय, त्याआधी तिच्या सगळ्या कविता तिच्याच आवाजात उतरवून घ्यायच्या. बाजारात जाऊन फोनला जोडायचा तो 'निवांत' माइक आणला. डब्यावर लिहिलंय, 'कुजबूजही जशीच्या तशी, बाकी जग गप्प.' अशी ओळ एखाद्या कवीला सुचली असती तर धन्य झाला असता! पण मी डब्याला भुललो नाही हं. तुझं परीक्षण मासिकातून कापून खिशात ठेवलं होतं. दुकानदार दुसरंच काही दाखवायला लागला, तेव्हा तो कागद काढून त्याच्या पुढ्यात धरला. म्हटलं, "आमची भाची लिहिते. पाच तारे दिलेत तिनं." शर्टाचं वरचं बटण तुटलं की काय, इतकी छाती फुगली होती.

तुझा,
मामा


९ जानेवारी

प्रिय मामा,

नमस्कार, आणि पत्र वाचून आधी रडले, मग वाचलं की रडू नकोस. तू पुढच्या वेळी सूचना वर लिहीत जा.

मोठ्या मावशीला सांग, मी रोज फोन करीन. तिनं फक्त ऐकायचं, बोलायचं काम माझं. ते मला जमतंच.

माइक अगदी योग्य घेतलास. ऑफिसात मी त्याच्यासमोर पंखा लावला, खुर्च्या ओढल्या, शिपायाला शेजारी उभं करून खोकायला लावलं. सगळं गायब, उरले फक्त मी! तारे काही मी वाटेवर उधळत नाही, मामा. टेबलावर ठेव, हिरवं बटण दाब, आणि मावशीला म्हणू दे. पहिली कविता मला पाठव, ऑफिसात सगळ्यांना ऐकवणार आहे.

तुझी,
टकळी


१५ जानेवारी

चि. टकळीस,

यंत्र दिसायला फार देखणं आहे. वजनही बेताचं. हिरवा दिवा तर एखाद्या काजव्यासारखा.

बाकी माझंच काहीतरी चुकलं असणार, कारण परवा दुपारी एक गंमत झाली. आक्का कोमट पाणी पिऊन खिडकीशी बसली. चष्मा काढून ठेवला. तिला पुस्तक कशाला लागतंय? आणि जी सुरू झाली म्हणतेस! आवाज दुखावलेला, घोगरा, कुठे कुठे नुसता वारा. पण यती जिथल्या तिथे, प्रत्येक 'रे' हळूच खाली ठेवलेला, काचेची बरणी ठेवावी तसा. ऊन भिंतीवरून उतरून जमिनीवर आलं तरी ती म्हणतच होती आणि मी सारखा "वा! वाहवा!" करत होतो.

मग कानाला लावून ऐकलं. शांतता. मग "वा!" पुन्हा शांतता. एक "ढ". "वाहवा!" शेजारी कोणी खिळा ठोकत होतं, तो खिळा स्वच्छ. पुढे एक "ळ्या", आणि परत मी. सगळी दुपार त्या यंत्रानं गिळली होती, आणि उरला होता एक म्हातारा, रिकाम्या खोलीत कुणालाही नसलेली दाद देणारा.

मी लपवायला गेलो. पण आक्कापासून मी कधी काही लपवू शकलोय? तिनं हात पुढे केला, सगळं शेवटपर्यंत ऐकलं, वायरीची नीट गुंडाळी केली आणि म्हणाली, "खरं आहे त्याचं. हा आता आवाज नाही, घरघर आहे. यंत्राला कळलं, तुला कळत नाही."

तेव्हापासून ती एक ओळ म्हणत नाही. गुणगुणतसुद्धा नाही. चहाला हाक मारायची तर कपावर चमचा वाजवते.

कोणतं बटण राहिलं माझ्याकडून? लवकर कळव.

मामा


१९ जानेवारी

प्रिय मामा,

बटण एकच आहे, ते तू दाबलंस. मला वाटतं माइक लांब राहिला. तोंडाच्या अगदी जवळ आण, आणि मावशीला जरा मोठ्यानं म्हणायला सांग. आणि कृपा करून तू वाहवा देऊ नकोस!

यंत्र बिघडलेलं निघालं असेल तर दुकानदार बदलून देईल. पण तसं क्वचित होतं. आमच्या परीक्षणासोबत कुजबुजीचा नमुना दिलाय तो ऐकलास ना? त्यात श्वाससुद्धा ऐकू येतो. नीट वापरलं तर होतं, मामा. घाईत आहे, अंक छपाईला चाललाय.

टकळी


२४ जानेवारी

चि. टकळीस,

दुकानदारानं बदलून दिला. दुसराही भावाला भाऊ शोभावा तसाच. तोंडाजवळ आणायचं म्हणशील, तर आक्का त्याच्याकडे पाठ करून बसते.

आणि 'मोठ्यानं म्हणायला सांग'? अगं, तिला मोठ्यानं म्हणता आलं असतं तर मी यंत्र आणायला गेलो कशाला असतो? डब्यावर 'कुजबूज' लिहिलंय. 'ओरडा' असं लिहिलेलं मला तरी दिसलं नाही. भिंग लावून पाहिलं.

तुझा तो नमुना मात्र पुन्हा पुन्हा ऐकला. 'मी तुला एक गुपित सांगते', इतकंच म्हणते ती बाई, पण काय सुरेख! एवढंच विचारायचं होतं, ती कोण? तुझ्या ऑफिसातली आहे का? असेल तर तिला विचार की ती यंत्रापासून किती लांब बसली होती. तितक्याच अंतरावर मी आक्काला बसवीन. हातापाया पडून बसवीन.

डॉक्टरांनी तारीख पक्की केली. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा.

मामा


२९ जानेवारी

प्रिय मामा,

तुझा प्रश्न वाचला. ती बाई कोण, मला माहीत नाही. तो नमुना कंपनीनं माइकच्या डब्यासोबतच पाठवला होता. मी तो ऐकला, आवडला, आणि परीक्षणाला जोडून दिला. हा आवाज याच माइकमधून निघाला का, हे विचारायचं मला सुचलंच नाही.

काल ऑफिसातला 'निवांत' घरी आणला आणि आयुष्यात पहिल्यांदा हळू बोलले. काही नाही, मामा! कोरी पाटी! मग मोठ्यानं बोलले, तर हजर. मी माइक तपासला तो माझ्या आवाजावर, आणि माझा आवाज कसा आहे ते तूच माझं नाव ठेवलंस तेव्हा ठरलं. त्या यंत्राला हळू, घोगरा आवाज वाऱ्यासारखा वाटतो. वारा पुसायचा म्हणून ते माणूस पुसतं. आणि ते बंद करायची सोयच ठेवलेली नाही.

आज संपादकांकडे गेले. म्हटलं, "परीक्षण चुकलंय. पुढच्या अंकात दुरुस्ती छापू."

"कशाची दुरुस्ती? मीही ऐकलाय तो. उत्तम आहे."

"तुम्हीही माझ्याच आवाजावर ऐकलात, साहेब."

"हे बघ, त्यांची जाहिरात मागच्या पानावर, तुझं परीक्षण पुढच्या पानावर. मध्ये अख्खं मासिक आहे, आणि त्यात आपण सगळे राहतो."

"म्हणजे नाही?"

"म्हणजे एका म्हाताऱ्या बाईच्या घशावरून मी अंक फिरवणार नाही."

ती माझी मावशी आहे, असं मी म्हटलं नाही. दार जरा जोरात लावलं. मावशी परत म्हणायला लागेल असं काहीतरी सांग, मामा. यंत्र मी कुठूनही आणते.

टकळी


३ फेब्रुवारी

चि. टकळीस,

तुझं पत्र मी आक्काला वाचून दाखवलं. 'वारा पुसायचा म्हणून ते माणूस पुसतं' इथे तिनं मान वर केली. म्हणाली, "बरं लिहिते." इतक्या दिवसांत तेवढेच दोन शब्द. तुझ्या पाच ताऱ्यांपेक्षा हे दोन जपून ठेव.

मग मला आमच्या शाळेचा फळा आठवला. पाठांतराच्या स्पर्धेत दरवर्षी हेडमास्तरांचा मुलगा पहिला यायचा. भुवया उडवत, हात नाचवत म्हणायचा. परीक्षक वडलांकडे बघायचे आणि गुण द्यायचे. एका वर्षी बाहेरगावच्या एक बाई परीक्षक म्हणून आल्या. त्यांनी चाकांचा मोठा फळा सभागृहाच्या मधोमध ओढला आणि खुर्ची घेऊन त्याच्या मागे जाऊन बसल्या, हेडमास्तरांनाही शेजारी बसवलं. "मला नाव सांगू नका, चेहरा दाखवू नका. नुसतं ऐकू या." त्या वर्षी आक्का पहिली आली. हेडमास्तरांनीच टाळ्या वाजवल्या. त्यांनाही कळलं नव्हतं कोण म्हणतंय. त्यानंतर आमच्या शाळेत परीक्षक कायम फळ्यामागेच बसायचे.

तू तसंच कर ना! सगळी यंत्रं एका रांगेत, एकच आवाज, नावं झाकलेली. ऐकणारे ठरवतील. तुझ्या संपादकांना दुरुस्ती नको असेल, पण स्पर्धा कुणाला नको असते?

आणि आवाज आक्काचा. हो, मी विचारलं. आधी चमचा वाजला, रागानं. मी म्हटलं, "आक्का, या खेपेला परीक्षा तुझी नाही. तू बाई म्हणून बसायचंस, विद्यार्थी ती यंत्रं." तिनं चमचा बशीत ठेवला. मग म्हणाली, "नापास करता येईल?"

"येईल."

"मग बोलाव तिला."

ये लवकर. वाट पाहतोय.

मामा


१९ फेब्रुवारी

प्रिय मामा,

झालं! आज दुपारी झालं, आणि अजून माझे पाय जमिनीवर नाहीत, म्हणून अक्षर असं आहे.

आधी तुझे आभार. मावशीपुढे मी आणलेले चार माइक आणि तू तोंडात रुमाल धरून दोन दिवस एकही 'वा' न काढता बसलास, हा तुझ्या आयुष्यातला सगळ्यात मोठा पराक्रम. डोळ्यांतून काढलेस ते मी पाहिले, पण माइकला दिसत नाहीत. आणि मावशी! शेवटच्या दिवशी "अजून एक राहिली, थांब" म्हणत तिनं माझी गाडी चुकवली, ते मी जन्मभर विसरणार नाही.

संपादक स्पर्धेला लगेच तयार झाले. त्यांना खातरी होती की 'निवांत'च पहिला येणार. वाचकांना बोलावलं, खुर्च्या कमी पडल्या. मी तुझ्या फळ्याऐवजी काळा पडदा लावला आणि यंत्रांना क, ख, ग, घ अशी नावं दिली. कुठलं कोणतं ते फक्त मला ठाऊक. मग मावशीची तीच ढगाची कविता, चारही यंत्रांतून, एकामागून एक.

'क' झालं. ठीक. 'ख' झालं, आणि मामा, खोलीत कोणी खुर्चीसुद्धा सरकवेना. पहिल्या रांगेतले एक आजोबा ओठ हलवत होते. त्यांना कविता येत होती! 'ग' झालं. मग 'घ'. एक "ढ" आला. शांतता. एक "ळ्या". लोक एकमेकांकडे बघायला लागले. आणि आमचे संपादक, सगळ्यांसमोर, खुर्चीवरून ताडकन उठून म्हणाले, "अहो, हे काय लावलंय? हे यंत्र बिघडलंय! स्पर्धेतून काढून टाका! त्या बाईंचा अपमान आहे हा!"

मी म्हटलं, "साहेब, नक्की काढू?"

"नक्की म्हणजे? काय ऐकलंत तुम्ही सगळ्यांनी? काही ऐकलंत का?"

"नाही!" असं सगळे ओरडले.

मग मी पडदा ओढला. 'घ' म्हणजे 'निवांत'! सगळं सभागृह हसत होतं, आणि ते उभेच. तोंड असं झालं होतं की मला त्यांची दयाच आली. जरा वेळानं स्वतःच हसायला लागले. जवळ येऊन म्हणाले, "या बाई कोण?"

"माझी मावशी. तोच म्हाताऱ्या बाईचा घसा."

कान पकडले त्यांनी, मामा. खरोखर, दोन्ही हातांनी. "छाप," म्हणाले. "मी काय म्हणालो तेही छाप. आणि यापुढे आपल्याकडे प्रत्येक माइक पडद्यामागे जाईल, जाहिरात मागच्या पानावर असो की पुढच्या."

पहिला आला 'ख'. साधा माइक, ज्याला मी मागच्या वर्षी अर्धं पानसुद्धा दिलं नव्हतं, कारण त्याचा डबा ओबडधोबड होता! मावशीच्या सगळ्या कविता त्याच्यातून सोबत पाठवतेय. एक शब्द हरवलेला नाही. घोगरेपणा, श्वास, वारा, सगळं आहे. ऑपरेशनआधी तिला ऐकव. आणि सांग, तिनं नापास केलं.

टकळी


२२ मार्च

चि. टकळीस,

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी ऐकवलं तिला. डोळे मिटून ऐकलं. शेवटी एवढंच म्हणाली, "ही बाई बरी म्हणते." आणि मला एक टप्पल मारली, कारण मी रडत होतो.

गाठ काढली, साधीच निघाली, ते तुला फोनवर सांगितलंच. पण एक गोष्ट फोनवर सांगितली नाही, कारण ती शेजारीच बसलेली असते. डॉक्टरांनी बोलायला परवानगी देऊन आता बरेच दिवस झाले. ती बोलत नाही. पाटी घेऊन बसते, लिहून दाखवते. मी विचारलं, "दुखतं का?" तिनं लिहिलं, 'नाही. काय निघेल माहीत नाही, म्हणून.' मी पाटी पुसून परत दिली. कोणाला घाई आहे? जुना आवाज कपाटात आहे, कितीही वेळा काढून ऐकावा. नव्याला यायचं तेव्हा येऊ दे.

बाहेर मात्र लेख छापून आल्यापासून तुझी कीर्ती दुमदुमतेय. परवा बाजारात गेलो होतो. त्या दुकानात 'निवांत'च्या सगळ्या डब्यांवर पांढरी पट्टी चिकटवलीये, बरोब्बर त्या कुजबुजीच्या ओळीवर. मी नखानं थोडी उचलून पाहिली. दुकानदार म्हणाला, "काका, कंपनीनंच पाठवल्यात पट्ट्या. कोणा बाईनं कविता म्हणून त्यांना गप्प केलं म्हणे." मी म्हटलं, "आमची आक्का." तो उठून उभा राहिला. मला खुर्ची दिली, पाणी दिलं, आणि शेजारच्या दुकानदाराला बोलावून आणलं. मी त्या दोघांना सबंध कविता म्हणून दाखवली. चुकलो दोन ठिकाणी, पण त्यांना काय कळतंय!

आणि त्या कंपनीच्या वकिलाची नोटीस तुम्हाला आलीय असं फोनवर म्हणाली होतीस, तिचं पुढे काय झालं? तू काही लिहिलं नाहीस. तुझ्या संपादकांनी

थांब. बेल वाजली.

पुढचं आता बसून लिहितोय. वाईट काही नाही.

दार उघडलं तर एक अनोळखी तरुण बाई. खांद्याला पिशवी, हातात माइक, 'निवांत'च, पण वरची जाळी काढलेला, आतलं सगळं उघडं. मला वाटलं, आली नोटीस घरापर्यंत. मी दारात आडवा उभा राहिलो.

"मी कंपनीतून आलेय," ती म्हणाली. "म्हणजे पाठवलं कुणी नाही, मीच मासिकाकडून पत्ता घेऊन आले. हा माइक मी बनवलाय. तो शांततेचा भाग नंतर वरून बसवला, विक्रीसाठी. मीही तेव्हा फारसं भांडले नाही. आता तो काढून टाकलाय, पण नीट झालं की नाही ते आमच्या ऑफिसात कळत नाही. तिथे सगळे मोठ्यानं बोलतात." मग तिनं मान खाली घातली. "ज्यांचा आवाज आमच्या यंत्रानं पुसला, त्या बाई इथंच राहतात का?"

मी दारातून बाजूला होत होतो, तेवढ्यात माझ्या पाठीमागून आवाज आला. जाड, खालच्या पट्टीतला; क्षणभर वाटलं, घरात कोणी पुरुषमाणूस शिरला. वळून पाहिलं तर आक्का उभी. पाटी आतल्या खुर्चीवर राहिली होती.

"राहते," ती म्हणाली. "आणि अजून बोलते. ये आत."